‘श्र’ची कळ

मुजीबनं त्याला आडवा निजवला,
चार स्क्रू काढले, कूस उघडली,
आणि सेलूचा सतरा वर्षांचा फुफाटा
ब्रशनं ओढत ओढत टेबलावर आणला.
त्यात पालीचं एक पिल्लू, वाळून कागद झालेलं,
आणि एक टिकली.
टिकली आमच्या घरातली नाही,
असं मी उगाच म्हणालो.

‘हे बघा काका.’
चिमट्याच्या टोकाशी पाच कपॅसिटर,
डोकी फुगलेली,
लोणचं उतू आलेल्या बरणीच्या झाकणागत.
‘बदलून देतो. बावीसशे. ग्यारंटी नाही.
पुढचा उन्हाळा काढंल का, अल्ला जाने.’

मग मागच्या खोलीतला एक दाखवला,
परभणीच्या कुठल्याशा बुडालेल्या पतसंस्थेतला.
सात हजार. तीन महिने वॉरंटी.
अंगावर अजून पांढऱ्या रंगात : ठेव विभाग, ४.
बटण दाबलं तर चटकन उठला,
शिस्तीत वाढलेल्या पोरासारखा.
आतली पाटी मात्र कुणी पुसलेली नव्हती.
कोपऱ्यात ‘सुट्टीचा अर्ज’,
त्याखाली ‘सुट्टीचा अर्ज नवीन’,
त्याखाली ‘सुट्टीचा अर्ज शेवटचा’.
‘फॉरमॅट मारून देतो की,’ मुजीब म्हणाला.
मिळाली असेल का सुट्टी,
हे त्याला कसं ठाऊक असणार?
मी विचारलं नाही.

नवा घ्यायचा तर चौतीस हजार.
प्रणोती पुण्याहून फोनवर,
‘बाबा, फेका तो डबा. हप्ते मी भरते.’
तिला कसं सांगू?
शेजारच्या पोराच्या लॅपटॉपवर एकदा
माझ्या पत्रिका उघडून बघितल्या होत्या.
माझा जुना फॉन्ट त्याला वाचता येत नाही.
चि. सौ. कां.च्या जागी कंस, डॉलर,
उलटं लटकलेलं प्रश्नचिन्ह;
‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ तर असं दिसलं
की कुणी शिव्या देऊन वर फुल्या माराव्यात.
अकराशे लग्नं एका क्लिकमध्ये मोडली.
आणि माझी बोटं टाइपरायटरवर वळलेली.
साठीनंतर त्यांना आता
दुसरीकडं नांदायला कसं पाठवू?

‘कृपया आहेर आणू नये’मधला
‘नये’ गळालेल्या एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर
हिशोब मांडला.
बावीसशे भागिले बारा.
सात हजार वजा भंगारातले चारशे.
चौतीस हजार नुसतेच लिहिले,
त्याच्यापुढं काही सुचलं नाही.
कुसुम लसूण सोलता सोलता बघत होती.
‘कूलरचा पंप आपण तीनदा भरून आणला,’ म्हणाली,
‘चौथ्यांदा नवाच घेतला.
तर त्या सालीच मोटर जळाली.’
यातून काय घ्यायचं
ते काही तिनं सांगितलं नाही.
पुढची पाकळी घेतली.

तेवढ्यात प्रेसमधून बिहाणींचा फोन.
‘मास्तर, देऊळगावकरांची पत्रिका कुठंय?
सातशे प्रती. गुरुवारी सकाळी मशीनवर पाहिजे.
आन् मामांची नावं अजून नऊ वाढलीत.’

असा निर्णय झाला.
म्हणजे झाला नाही, बुधवार आला.

मुजीबनं डाग दिले. राळेचा धूर नाकात.
मध्ये लाईट गेली,
आम्ही अंधारात चहा घेतला,
लाईट आली.
पंखा कुरकुरला, थांबला, फिरला,
आणि पडद्यावर माझी अक्षरं,
वेलांटी वेलांटीच्या जागी,
रफार डोक्यावर.

‘काका, ही एक कळ अडकते.
कीबोर्ड दीडशेत नवा देतो.’

‘श्र’ची.
प्रत्येक पत्रिका तिथूनच निघते.
वरचं अक्षर माझ्याच बोटानं कधीचं पुसलंय.
‘ऱ्हाऊ दे,’ म्हटलं.

घरी येऊन बसलो. दाबली.
उमटली नाही.
पुन्हा दाबली, तर दोन उमटले.
एक खोडला,
आणि नऊ मामांची यादी पुढ्यात घेतली.